खणखणीत आणि बद्द



मागच्या खेपेला आपण गटाच्या यंत्रांच्या विम्याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांकडून एकच प्रश्न आला : यंत्र मोडल्यावर विमा ठीक आहे, पण मोडायच्या आधी कळायचा काही मार्ग आहे का? आहे. त्याची सुरुवात आपल्या घरातच आहे, म्हणून आज तिथूनच निघू या.

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलं की आपण काय करतो? माठ उचलतो, बोटाच्या पेरानं टिचकी मारतो आणि कान लावतो. खणखणीत वाजला तर भाव करतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो. डोळ्यांना भेग दिसत नसते, तरी आपण ठामपणे सांगतो की हा माठ फुटका आहे. आपल्या आज्या रुपयासुद्धा असाच दगडावर वाजवून घ्यायच्या. पूल, धरण, उंच इमारत, मोठं यंत्र यांच्या तब्येतीची परीक्षा इंजिनिअर मंडळी करतात तीही याच रीतीची. फक्त त्यांच्या टिचकीला मोठा हातोडा किंवा हलवणारं यंत्र असतं आणि कानाच्या जागी कंपन टिपणारं उपकरण असतं. त्या उपकरणानं जे टिपलं ते निवडायचं, पाखडायचं आणि त्यातून अर्थ काढायचा, याला म्हणतात सिग्नल प्रोसेसिंग. नावाला घाबरायचं कारण नाही. निवडणं-पाखडणं आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता माठाकडे जरा बारकाईनं बघू. धडधाकट माठाला हळू टिचकी मारा, मग जरा जोरात मारा. आवाज मोठा होतो, पण सूर तोच राहतो. फुटक्या माठाचं तसं होत नाही. एक तर त्याचा आवाज लगेच मरतो, कारण भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि टिचकीचा जोर तिथंच खाऊन टाकतात. शिवाय हळू मारलं तर जवळजवळ ठीक वाजतो आणि जोरात मारलं की सूर उतरतो, त्यात खरखर येते. म्हणजे त्याचं वागणं जोराप्रमाणे बदलतं. आजचा सगळा विषय याच एका गोष्टीवर उभा आहे.

एक पायली दळायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट दोन पायलींना. अशा सरळ प्रमाणाला शास्त्रात रेषीय वागणं म्हणतात, कारण कागदावर मांडलं तर सरळ रेघ येते. पण भाजीत मीठ दुप्पट घातलं म्हणून चव दुप्पट होत नाही, भाजी खारट होते. हे अरेषीय वागणं. धडधाकट वस्तू थोडी हलवली तर ती सरळ प्रमाणात वागते : जोर दुप्पट केला की हलणं दुप्पट आणि सूर तोच. हे प्रमाण मोडलं की समजायचं, आत काहीतरी वेगळं चाललंय.

इथं एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर घोटाळा होईल. अरेषीय म्हणजे बिघडलेलं, असं मुळीच नाही. नागपंचमीचा झोका घ्या. लहान झोका आणि त्याहून थोडा मोठा झोका, दोघांना एका फेरीला जवळपास सारखाच वेळ लागतो. पण झोका चढवत दोर आडवा होईपर्यंत नेला, तर फेरीला सुमारे १८ टक्के जास्त वेळ लागतो. झोका काही आजारी नसतो, त्याचा स्वभावच तसा आहे. तुणतुण्याची तार जोरात छेडली की सूर आधी किंचित चढा लागतो आणि मग जागेवर येतो, कारण ताणली गेली की तार आणखी कडक होते. काही वस्तू जोरानं कडक होतात, काही सैल पडतात. भेगाळलेलं काँक्रीट सैल पडणाऱ्यांतलं. म्हणून तपासणाऱ्याचा प्रश्न ‘ही वस्तू अरेषीय आहे का’ एवढाच नसतो. काल सरळ वागत होती ती आज का वाकडी वागतेय, हा खरा प्रश्न.

आता पाखडण्याकडे येऊ.

गिरणीचा आवाज म्हणजे एक आवाज नव्हे. मोटरीचा आहे, पट्ट्याचा आहे, दगडाचा आहे, पत्र्याच्या थरथरीचा आहे. सगळं धान्य एकाच पोत्यात ओतल्यासारखं. ते वेगळं करायची चाळणी जोसेफ फुरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं दिली. त्यांचं पुस्तक १८२२ सालचं, आणि होतं उष्णतेवर! त्यांचं म्हणणं असं की कितीही वेडंवाकडं हेलकावणं असो, ते साध्या, गोल, एकेका सुराच्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येतं. कोणता सूर किती, ते गणितानं वेगळं काढता येतं. हे हातानं करायचं तर दिवसचे दिवस जायचे. १९६५ साली जेम्स कूली आणि जॉन ट्युकी या दोघांनी तेच गणित झटपट करायची रीत प्रसिद्ध केली आणि संगणकाला ते सोपं झालं. आज आपल्या हातातला फोन ते क्षणात करतो.

चाळणीतून काय दिसतं? समजा, एखाद्या लोखंडी तुळईला आपण सेकंदाला १० वेळा असं एकाच ठेक्यात हलवतोय. तुळई धड असेल तर तीही १० च्याच ठेक्यात हलेल आणि चाळणीत १० वर एकच उंच काठी दिसेल. आता त्या तुळईला बारीक भेग आहे असं समजा. तुळई एका बाजूला वाकली की भेग मिटते आणि तुळई अखंड असल्यासारखी वागते. दुसऱ्या बाजूला वाकली की भेग उघडते आणि तिथं ती कमजोर पडते. इंजिनिअर तिला श्वास घेणारी भेग म्हणतात, आणि हे नाव आम्हाला फार आवडतं. जाताना एक चाल, येताना दुसरी. पाय दुखावलेलं माणूस रस्त्यानं जातं तेव्हा न बघताही पावलांच्या आवाजावरून कळतं ना, तसंच. ही लंगडी चाल गोल लाटेत बसत नाही. म्हणून चाळणीत १० बरोबर २० वर, ३० वर छोट्या काठ्या उभ्या राहतात. आपण २० च्या ठेक्यात हलवलंच नव्हतं, मग २० आला कुठून? तो तुळईनं स्वतः तयार केला. धड वस्तू न दिलेला सूर परत देत नाही.

लग्नात भोंगा फार मोठा केला की आवाज फाटतो, हे तर सगळ्यांनी ऐकलंय. तेही हेच. गाणाऱ्या बाईंनी जे सूर लावले नाहीत ते भोंगा आपल्या पदरचे घालतो. दोन सूर एकदम दिले तर असली वस्तू त्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचाही सूर काढते. तपासणीत त्याचाही उपयोग करतात, पण आपल्या कामाला पटीतले सूर पुरेत.

आता आमच्या एका गटाच्या गिरणीचं सांगतो. गिरणी कर्जावर घेतलेली, गॅरंटी संपायला थोडे दिवस राहिलेले, आणि पुढं दिवाळीच्या भाजणीचा हंगाम. दळणाचं बघणारी आमची ताई रोज म्हणायची, गिरणी लंगडतेय. दुकानदाराचा माणूस आला, हात लावून बघितलं आणि म्हणाला, नवी आहे, रुळेल. ताई गप्प बसली नाही. तिचं म्हणणं, मोकळी फिरते तेव्हा बरी चालते, दळण भरलं की लंगडते. मैत्रिणींनो, फुटक्या माठाचंच लक्षण हे! जोर कमी असताना एक वागणं, जोर वाढला की दुसरं.

आम्ही फोनवर ‘फायफॉक्स’ नावाचं ॲप घेतलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं विद्यार्थ्यांसाठी केलेलं आहे, फुकट मिळतं. फोन आडवा धरला की चित्रही आडवं होतं ना, ते ज्या बारीक पुर्ज्यामुळे होतं, त्याच पुर्ज्याकडून हे ॲप कंपन टिपून घेतं आणि चाळून दाखवतं. मोटरीच्या पाटीवर १४४० लिहिलेलं होतं, म्हणजे मिनिटाला १४४० फेरे. त्याला ६० नं भागलं की सेकंदाला २४. गिरणी मोकळी असताना २४ वर काठी दिसली, बाकी किरकोळ. अर्धं दळण सोडलं, ४८ वर दुसरी काठी उठली. पूर्ण दळण सोडलं, तर ४८, ७२ आणि अर्ध्यावर १२ सुद्धा. २४ ची काठी जेवढी वाढली त्याच्या मानानं या बाकीच्या काठ्या कितीतरी जास्त वाढल्या. पायाचे बोल्ट ढिले असले की पटीतले सूर निघतात आणि कधी कधी अर्धा सूरही निघतो, हे यंत्रांची कंपनं तपासणाऱ्यांना ठाऊक असतं. एकट्या ४८ वर मात्र निकाल देऊ नये. मोटर आणि पुली एका रेघेत नसल्या तरी तो दिसतो.

तीन वेळची चित्रं फोनमध्ये जपून ठेवली, तारीख-वेळ वहीत लिहिली आणि फिटरला दाखवली. त्यानं गिरणी बंद करून बोल्ट उघडले. एका बोल्टाभोवतीचं काँक्रीट भुसभुशीत झालेलं, चौकट दर फेऱ्याला जरा उचलायची आणि परत बसायची. भेग श्वास घेत होती म्हणा ना. चौकट आणखी सरकली असती तर चालू गिरणीचा पट्टा उडाला असता आणि तो कुणाच्या अंगावर गेला असता, हे सांगायला नको. पाया नव्यानं भरला, तोही गॅरंटीत. भरून सुकल्यावर परत तीन वेळा मोजलं. पूर्ण दळणावर २४ वर एक काठी, ४८ वर नखाएवढी. ती वही आता गिरणीतच खिळ्याला टांगलेली असते.

मोजताना काय सांभाळायचं तेही ऐका. फोन पट्ट्याजवळ, फिरत्या भागाजवळ कधीही ठेवायचा नाही. यंत्र बंद असताना चौकटीच्या पक्क्या सपाट जागेवर ठेवायचा, दुतर्फा चिकटपट्टीनं घट्ट बसवायचा आणि मग यंत्र चालू करायचं. पदर, ओढणी खोचून घ्यायची. फोनच हलला तर तो स्वतःच खोटे सूर घालेल. आवाज मोजायच्या ॲपपेक्षा कंपन मोजणारं ॲप बरं, कारण माईक फार जवळ नेला की आवाज त्या माईकमध्येच फाटतो आणि नसलेला रोग दिसतो. आणखी एक मर्यादा : जो सूर बघायचा त्याच्या दुपटीहून जास्त वेळा फोननं दर सेकंदाला नोंद घ्यायला हवी. ७२ चा सूर बघायचा तर १४४ हून जास्त. काही फोन सेकंदाला शंभराच्या आसपासच नोंदी घेतात, त्यांच्यावर ७२ चा सूर खरा दिसणार नाही. ॲपमध्ये हा आकडा लिहून येतो, तो आधी बघून घ्या. आणि पाना हातात घ्यायचा तो फिटरनं, यंत्र बंद करून.

गिरणीपुरतं हे झालं. मोठ्या बांधकामांचं काय?

आपल्या साताऱ्यातलंच उदाहरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरची घरं पडली, माणसं गेली. ज्यांच्या घरातलं कोणी गेलं त्या आजही ती पहाट सांगतात. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण भिंतीच्या वरच्या भागात, जिथं तिचा उतार बदलतो त्या पट्ट्यात, आडव्या भेगा पडल्या. धरणाच्या आतल्या बोगद्यासारख्या वाटेत, जिला गॅलरी म्हणतात, कंपन टिपणारं यंत्र बसवलेलं होतं आणि त्यानं त्या पहाटेची नोंद ठेवली. मग धरणाला मागून काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट केलं. भेग पडणारं काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं, याचं गणित जगभर कोणी नव्यानं बसवलं की ते आधी कोयनेच्या नोंदीवर ताडून बघतात. गणितानं काढलेली भेग खऱ्या भेगेच्या जागी आली तर गणित खरं. ती नोंद नसती तर ताडायचं कशावर? कोयनेची गोष्ट निघाली की धरणाचं आणि भूकंपाचं बोलणं होतं, त्या नोंदीचं फारसं होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं, पण आपल्या वहीला फार कामाचं. तिथल्या कॅलटेक या संस्थेत पूर्वी मिलिकन लायब्ररी नावानं ओळखली जाणारी नऊ मजली काँक्रीटची इमारत आहे. १९६० च्या दशकात बांधली तेव्हापासून तिचा सूर मोजत आले आहेत. छतावर हलवणारं यंत्रच बसवून ठेवलंय. सुरुवातीला ही इमारत पूर्व-पश्चिम दिशेला सेकंदाला सुमारे दीड वेळा डुलायची. ९ फेब्रुवारी १९७१ ला मोठा भूकंप झाला तेव्हा, हलत असताना, तिचा सूर सेकंदाला एकाच्या आसपास उतरला. भूकंप थांबल्यावर तो वर आला, पण पहिल्याइतका आला नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघा. जोरात हलताना सूर उतरला, हा स्वभाव. परत हळू हलवून बघितल्यावरही सूर उतरलेलाच राहिला, ही झीज. ही दुसरी गोष्ट कळायला आधीची नोंद हातात लागते. तिथं असंही दिसलं की पाऊस, वारा, ऊन यांनीसुद्धा इमारतीचा सूर थोडा मागंपुढं होतो. म्हणून पावसाळ्यातला आकडा उन्हाळ्यातल्या आकड्याशी ताडून घाबरून जायचं नाही. आपणही गिरणी मोजताना धान्य तेच, दळण तेवढंच, फोनची जागा तीच ठेवावी. ती इमारत पडलेली नाही. सूर बदलला म्हणजे पडणारच असं नव्हे, बघायला माणूस बोलवायची वेळ झाली एवढंच.

या भूकंपासारखी नोंद चाळायची तर एक अडचण येते. साधी चाळणी सगळी नोंद एकत्र करून चाळते, त्यामुळे सूर कधी उतरला ते कळत नाही. रात्रभराचं भजन एकाच डब्यात ओतलं तर कोणता अभंग कधी झाला ते कसं कळणार? म्हणून नोंदीचे छोटे छोटे तुकडे पाडून एकेक तुकडा चाळतात आणि ते ओळीनं मांडतात. मग सूर कोणत्या क्षणी घसरला ते सरळ दिसतं. फोनवरही अशी रंगीत चित्रं मिळतात, हौस असेल त्यांनी बघावी.

ओढ्यावरच्या साकवाबद्दल दोन गटांनी विचारलंय. शाळेची पोरं पळाली की साकव हलतो, एरवी हलत नाही, हे कसं? लंडनला जून २००० मध्ये पायी चालायचा एक नवा पूल उघडला, मिलेनियम ब्रिज. पहिल्याच दिवशी गर्दी झाली आणि तो आडवा डुलायला लागला. दोन दिवसांत बंद करावा लागला. नंतर माणसं थोडी थोडी वाढवत चाचणी घेतली. दीडशेच्या पुढं जाईपर्यंत फारसं काही नाही, आणि आणखी मोजकी दहाएक माणसं वाढल्यावर डुलणं एकदम वाढलं. माणसं डुलण्याला तोल सावरत पावलं टाकतात, त्या पावलांनी पूल आणखी डुलतो. पूल तुटका नव्हता. धक्का जिरवणारे दट्टे बसवून २००२ मध्ये तो परत उघडला. म्हणजे शंभर माणसांना काही झालं नाही म्हणून दोनशेंना होणार नाही, हा हिशेब पुलावर चालत नाही. आपल्या साकवावर पोरांनी मिळून उड्या मारायच्या नाहीत आणि जत्रेच्या दिवशी एका वेळी किती जणांनी जायचं ते गावानं ठरवायचं, हे आजच करता येईल.

मात्र कंपन मोजलं की सगळं कळतं असं आम्ही म्हणणार नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या. पुराच्या त्या रात्री कोणी फोन ठेवून बसलं असतं तर माणसं वाचली असती, असं म्हणणं खोटं ठरेल. पायाखालची माती वाहून गेली का, हे पाणी ओसरल्यावर उतरून डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि फोनवरचं चित्र बघून गटानं साकव चांगला की वाईट असा निकाल देऊ नये. ते इंजिनिअरचं काम.

आपलं काम अर्ज करायचं. ग्रामसभेत नुसतं ‘साकव हलतो’ असं सांगितलं तर उत्तर मिळतं, सगळेच हलतात. त्याऐवजी असं लिहा : अमुक तारखेपासून, चार-पाच जण चालताना हलत नाही, पंधरा-वीस जण चालताना हलतो, आवाज अमुक टोकाकडून येतो, मागच्या वर्षी असं नव्हतं. खाली मागणी लिहा की बांधकाम विभागाकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं आणि अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

गिरणी, कांडप यंत्र, शेवयांचं यंत्र, ज्या गटाकडे जे असेल त्यांनी या महिन्यात ते तीन वेळा मोजावं : मोकळं, अर्ध्या भारावर आणि पूर्ण भारावर. ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांनी कानानं ऐकून लिहावं. आकडे किंवा शब्द, जे असेल ते पुढच्या तालुका बैठकीला घेऊन या. फिटरभाऊंना आम्ही त्या दिवशी बोलावलंय.